मामाचे न घेतलेले पैसे

रविवारी लष्कर मोहल्ल्यातली आमची गल्ली जरा गप्प असायची. इतर दिवशी पत्रे ठोकण्याचा, सायकलींच्या दुरुस्तीचा आणि समोरच्या गादीवाल्याच्या धनुकलीचा असा काही कालवा चालायचा की घरातल्या घरातही ओरडून बोलावं लागे. रविवारी ते सगळं थांबायचं, आणि म्हणून मामा गल्लीच्या तोंडाशी आला की त्याचा आवाज थेट आमच्या चुलीपर्यंत पोचायचा. वाटेतल्या प्रत्येकाशी त्याचं कन्नडमध्ये काही ना काही चाललेलं असे. कुणाची तब्येत, कुणाच्या मुलीचं बाळंतपण, कुणाची थट्टा. आमच्या उंबऱ्याशी आला की भाषा बदलायची. "सरसू, कॉफी टाक बघू!" असं तो बाहेरूनच ओरडायचा. एका हातात नंजनगुडी केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात केळीच्या पानात बांधलेला मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. केळी आम्हाला, गजरा अम्माला. अम्मा त्याची धाकटी आणि एकुलती बहीण. एरवी ती कमी बोलणारी, जपून हसणारी बाई. पण रविवारी सकाळी ती दहा वर्षांची होऊन जायची. मामा पाटावर बसला की ती त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसे आणि आठवडाभराचं सगळं त्याला सांगे, अगदी दूधवाल्याने पाणी घातलं इथपासून.

आमचं घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. पुढच्या खोलीत अप्पांचं कापड कापायचं मोठं टेबल. अप्पा देवराज मोहल्ल्यातल्या एका गणवेशांच्या दुकानात कटर होते आणि हंगामात घरीही काम आणायचे. जाड खाकी कापडातून मोठी कात्री चालल्याचा कर्रकर्र आवाज ऐकतच मी अभ्यास केला. त्याच टेबलाच्या एका कोपऱ्यावर, खडूच्या भुकटीत. अम्मा आत सारू, म्हणजे आमची पातळ आमटी, करायची, भात, एखादी पोळी. थंडीच्या दिवसांत अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आल्या की घरभर तोच वास. मामाला अम्माच्या हातची अवरेकाळूची उसळ इतकी आवडायची की तो ती कॉफीबरोबरसुद्धा खायचा, आणि अम्मा "अय्यो, काय हे अण्णा!" म्हणत पुन्हा वाढायची. आमची मराठी ही अशीच. निम्मी घरातली, निम्मी गल्लीतली. पुस्तकातली मराठी मी पुढे हट्टाने शिकले, पण अम्मा आठवायची झाली की ती मला आमच्याच बोलीत आठवते.

आम्ही मूळचे रंगारी. अम्माच्या वडिलांचा देवराज मोहल्ल्यात रंगाचा आणि छपाईचा कारखाना होता, कारखाना म्हणजे मागचं अंगण आणि चार हौद. अप्पा तरुणपणी तिथेच कामाला होते. आजोबांना त्यांचा स्वभाव आवडला, आणि त्यांनी आपली मुलगी दिली. लग्नानंतर अप्पांनी स्वतःचे हौद घालायचे ठरवले, त्यासाठी आजोबांकडूनच पैसे घेतले, आणि धंदा बसला. आजोबांनी ते पैसे कधी मागितले नाहीत. पण सणाच्या पंक्तीत, चार लोकांसमोर, ते अप्पांचं नाव घेऊन हौसेने म्हणायचे, "आमच्या गणपतीला काय काळजी? आम्ही आहोत की." अप्पांनी ते कर्ज कात्री चालवून चालवून फेडलं. त्यांनी सासुरवाडीच्या पंक्तीत मान वर करून जेवायला कधी सुरुवात केली हे अम्माला नेमकं ठाऊक होतं. ते पैसे फिटल्यानंतर. हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं. पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून सांगितलं.

आजोबांनंतर मामाने छपाई थोडी ठेवली आणि घराच्या पुढच्या भागात कापडाचं दुकान काढलं. दुकान चांगलं चाललं. शाळा सुटल्यावर मी तिकडे जायची, कारण मागच्या अंगणात रघू असायचा. रघू मामाचा एकुलता मुलगा, माझ्याहून थोडा मोठा. लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर ठेवायचा आणि वरून मुठीने एक ठोका द्यायचा, हे मला त्याने शिकवलं. माझा ठसा नेहमी तिरका पडायचा. तो ओरडायचा नाही. त्या तिरक्या फुलाच्या शेजारी आणखी एक तिरकं फूल उठवायचा, म्हणजे ते मुद्दामच केल्यासारखं दिसे. आमच्या लोकांत मामाच्या मुलाचा आत्याच्या मुलीवर पहिला हक्क, आणि आजूबाजूच्या कानडी घरांतूनही तीच रीत. त्यामुळे लहानपणापासून बायका मला चिडवायच्या, "काय नलू, मामाच्या घरी कधी नांदायला?" मी चिडायची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी चिडायची थांबले. बाजाराच्या कोपऱ्यावर आम्ही चुरमुरी खायचो तेव्हा तो आपल्या पुड्यातल्या कैरीच्या फोडी निवडून माझ्या पुड्यात टाकायचा आणि दुसरीकडेच बघत बसायचा. आमच्यात त्याहून जास्त काही बोलणं झालं नाही. त्या काळी तेवढं पुरायचं.

मला वैद्यकीयची जागा मिळाली ती हुबळीला. अप्पांनी ते पत्र तीनतीनदा वाचलं, मग कात्री खाली ठेवली आणि टेबल पुसायला लागले, जसं काही कुणी पाहुणा येणार आहे. फी फार नव्हती. पण हॉस्टेल, जेवण, जाडजूड पुस्तकं, साडेपाच वर्षं. अप्पांच्या पगारात ते बसणं शक्यच नव्हतं. त्या रविवारी मामा केळ्यांऐवजी मिठाईचा खोका घेऊन आला. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पैशाचं माझ्यावर सोडा, दाजी. आपल्या घराण्यात पहिली डॉक्टरीण. मी नाही तर कोण करणार?"

अप्पा म्हणाले, "बघू, अण्णा."

"बघायचं काय त्यात?"

"बघू."

आणि अप्पा खरंच बघायला निघाले. कापड घ्यायचं झालं तरी ते चार दुकानं हिंडून, दोन बोटांत सूत चोळून बघणारे. कर्ज तर त्याहून मोठी गोष्ट. दुकानाच्या जेवणाच्या सुट्टीत ते एकेका ठिकाणी जाऊन यायचे आणि संध्याकाळी आम्हाला सांगायचे. आमच्या समाजाच्या पतपेढीत सेक्रेटरी म्हणाले, मुलगा असता तर लगेच मंजूर केलं असतं. मुलगी उद्या लग्न करून जाणार, मग आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं? मोहल्ल्यातल्या सावकाराने अम्माच्या पाटल्यांबद्दल विचारलं, आणि अप्पा पुढचं न ऐकताच उठून आले. राहिली बँक. तिथले मॅनेजर धारवाडकडचे, जरा रागीट दिसणारे, पण त्यांनी अप्पांना बसायला खुर्ची दिली. सरकारी नोकरीतला एक जामीनदार आणा, म्हणाले. व्याज लागेल, पण फेड नोकरी लागल्यावर.

"मामा बिनव्याजी देतोय की," अम्मा म्हणाली.

"व्याज लिहिलेलं असलं की बरं असतं, सरसू," अप्पा म्हणाले. "न लिहिलेलं व्याज मी भरलंय. तुला माहीत आहे."

तरीही तोपर्यंत काहीच ठरलं नव्हतं. अप्पांचा मामावर जीव होता. आठवडाभर विचार करून त्यांनी मामालाच हो म्हटलं असतं, असं मला आजही वाटतं. पण मध्येच एका बारशाला अम्मा गेली. तिथे बायकांच्या घोळक्यात कुणी तरी विषय काढला, आणि मामी, म्हणजे रघूची आई, मोठ्या कौतुकाने म्हणाली, "नलू आमचीच की. आमच्या पैशानं शिकंल, आमच्याच घरात येईल. पैसा घरातल्या घरात." बायका हसल्या. अम्माही हसली. तिला इतका आनंद झाला की संध्याकाळी जेवताना तिने तो आनंद जसाच्या तसा अप्पांच्या ताटात वाढला. मुलगी डॉक्टर होणार, आणि जाणार ती आपल्याच अण्णाच्या घरी. याहून जास्त काय हवं?

अप्पांचा हात ताटातच थांबला. "कोण म्हणालं असं?"

"वहिनी. चार बायकांत."

"चार बायकांत," अप्पा म्हणाले, आणि पाणी पिऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर घागर भरत होते. अप्पा दात घासत जवळ येऊन उभे राहिले. असले विषय ते कधी काढायचे नाहीत, त्यामुळे त्यांना शब्द सापडेनात. शेवटी नळाकडे बघतच त्यांनी विचारलं, "तुला रघू आवडतो का?"

घागर भरून वाहायला लागली. मी म्हटलं, "हो."

"मग कर त्याच्याशी लग्न. चांगला आहे पोरगा. माझं काही म्हणणं नाही." त्यांनी नळ बंद केला. "पण तू त्या घरी आपल्या मनानं जा. फेड म्हणून नको जाऊस. उद्या तुला नको वाटलं तर नको म्हणता यायला पाहिजे. म्हणून पैसे दुसऱ्याचे. कळलं?"

मला कळलं. मी किती वेळा तो क्षण आठवला असेन. माझ्या ओळखीतल्या एकाही मुलीला तिच्या बापाने असं विचारलं नव्हतं. अप्पांनी मला मोकळं ठेवायचं ठरवलं होतं, आणि मला जे हवं होतं तेही देऊन टाकलं होतं, एकाच वेळी. ते मामाला शांतपणे समजावून सांगणार होते. मामालाही ते पटलं असतं, मला खात्री आहे.

पण रविवारी अप्पा आंघोळीला गेले असताना मामा आला तो पैसे घेऊनच. त्याने पिवळ्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी सरळ देवापुढे ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं. अप्पा ओल्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून आले आणि बघतच राहिले.

"देवापुढं ठेवलेत, दाजी," मामा म्हणाला. "पोरीच्या हातानं उचला."

"अण्णा, ते परत न्या. मी ब्यांकेत बोललोय."

मामाला आधी थट्टाच वाटली. "ब्यांकेत? मी मेलो काय?"

"तसं नाही."

"मत्ते? मग कसं? परक्याच्या दारात जाऊन जामीन शोधणार, आणि माझे पैसे नको? लोक काय म्हणतील? सख्खा मामा असून..."

"लोकांचं सोडा. मी नंतर नीट सांगतो तुम्हाला."

"आत्ता सांगा की." मामा अजून हसत होता. त्याने अप्पांच्या ओल्या खांद्यावर थाप मारली. "व्याजच द्यायचंय ना तुम्हाला? मला द्या! मी घेतो!"

तो नेहमीसारखाच थट्टेत बोलला. पण अप्पांच्या डोक्यात बारशातल्या चार बायका होत्या, आणि त्यामागे आजोबांच्या पंक्ती होत्या. ते ज्या आवाजात बोलले तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"तुमचं व्याज काय ते कळलंय मला, अण्णा. पोरगी तारण ठेवून मी कर्ज काढणार नाही."

मामाच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि फक्त डोळे बदलले. त्याने हळूच विचारलं, "कोण म्हणालं असं?"

मामाने वळून अम्माकडे बघितलं. ती कॉफीचा पेला घेऊन आतल्या दारात उभी होती.

"सरसू, तुलाबी असंच वाटतं? मी पोरगी विकत घ्यायला आलो?"

अम्माला एकच शब्द बोलायचा होता. वहिनी. तो शब्द बोलली असती तर मामाला सगळं कळलं असतं. आणि मग त्याने घरी जाऊन काय केलं असतं तेही अम्माला ठाऊक होतं. मामा मायाळू होता तितकाच तापट होता. बायकोने आपली अब्रू चार बायकांत घालवली, हे कळल्यावर त्याने तिला माहेरी पाठवायला कमी केलं नसतं. अम्मा उभी राहिली. तिचे ओठ हलले, आणि आवाज आला नाही. मामा वाट बघत होता. तो किती वेळ थांबला मला सांगता येणार नाही. गल्लीतून एक टांगा येऊन, घुंगरं वाजवत पार निघून गेला, एवढं आठवतं.

"आयतु," मामा म्हणाला. झालं. त्याने पुरचुंडी उचलली, देवाला हात जोडले आणि चपला घातल्या. गल्लीतून जाताना तो कुणाशीही बोलला नाही.

त्याच आठवड्यात बँकेचं काम झालं. माझ्या शास्त्राच्या बाई, सरोजम्मा, सरकारी शाळेत होत्या; त्या स्वतःहून जामीन राहिल्या. अप्पा त्यांचे आभार मानायला लागले तर त्यांनी त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नीनु ओदु, अष्टे साकु." तू शीक, एवढंच पुरे. बँकेत मॅनेजरांनी कागद पुढे सरकवले. अप्पांनी विचारलं, दुसरं काही तारण नको का? मॅनेजर चष्म्यावरून बघत म्हणाले, "शिक्षणाच्या कर्जाला दुसरं तारण काय असणार? तुमची मुलगीच तारण." ते सहज बोलून गेले. अप्पांनी पेन हातात धरलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मग सही केली.

मी हुबळीला गेले. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तोवर मामा एकदाही आला नव्हता. आमच्या गल्लीत भाऊबीज फक्त आमच्याच घरी असायची. कानडी शेजारणी दरवर्षी कौतुकाने ओवाळणं बघायला यायच्या. त्या वर्षी अम्माने सकाळीच पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन तयार ठेवलं. शेजारणी दोनदा डोकावून गेल्या. दुपार झाली तेव्हा अप्पांनी सदरा घातला. "मी घेऊन येतो त्याला," म्हणाले. "पाया पडावं लागलं तर पडतो. माझंच तोंड सुटलं होतं."

ते गेले आणि बऱ्याच वेळाने एकटेच आले. हातात कागदात बांधलेलं काही होतं. आम्ही विचारलं नाही. त्यांनीच पाणी पिऊन सांगितलं. मामा दुकानात गादीवर बसला होता. अप्पा पायरी चढले तसा तो उठून उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "या, या. बसा. काय दाखवू?" गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. अप्पा म्हणाले, "अण्णा, सरसू पाट मांडून बसलीय." मामा म्हणाला, "हो का. मुलांनो, साहेबांना खण दाखवा." नोकरांनी खण काढून पसरले. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. "काय करायचं कळेना," अप्पा म्हणाले. "एक खण घेतला. पैसे दिले. त्यानं मोजून घेतले." मग त्यांनी तो कागद अम्माच्या पुढे ठेवला, आणि अप्पा रडले. त्यांना रडताना मी तेव्हाच बघितलं. अम्मा रडली नाही. तिने पाट उचलून भिंतीला लावला.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला रघू भेटला, कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर. मी निरोप पाठवला होता. तो वाळला होता. मी विचारलं, तुझ्या मनात काय आहे? तो म्हणाला, "माझ्या मनात आहे तेच आहे, नलू. पण मागणी कुणी घालायची? बाबा म्हणतात, त्या घरात मुलगी मागायला गेलो तर दाजी खरे ठरतील. लोक म्हणतील, पैसे घेऊन गेले होते ते यासाठीच."

"तू घाल मागणी."

"बाबांना सोडून?"

"मग मी घालते," मी म्हटलं.

आणि मी गेले. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, दुकान बंद असताना मागच्या दाराने. मामा अंगणात एकटाच कापडाच्या घड्या घालत होता. मला बघून त्याचा चेहरा आधी पूर्वीसारखा उजळला, मग त्याला आठवण झाली. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "मामा, मला रघूशी लग्न करायचंय. अप्पांची ना नाही. मी मागायला आलेय."

मामा खाली बसला. त्याने मलाही शेजारी बसवलं आणि माझा हात आपल्या हातात घेतला. "बाळा, तुझ्या अप्पानं मला काय म्हटलं तू ऐकलंस. मी तुला आता सून करून घेतली तर ते खरं होतं. सगळ्या जन्माला खरं होतं. मी मेल्यावरबी."

"लोकांना काय माहीत त्यातलं?"

"मला माहीत आहे की." त्याचे डोळे भरले होते. "तुझ्या अप्पाचा मला राग नाही. ते पुरुषासारखं बोलले, निघून गेलं. पण सरसू... मी तिला पाठीवर घेऊन शाळेत नेलीय. 'अण्णा तसा नाही,' एवढं बोलली असती तरी पुरलं असतं मला."

आत मामीच्या बांगड्या वाजत होत्या. ती मला बघून कॉफी टाकत होती. अम्माने मला निघताना देवाची शपथ घातली होती, की काही झालं तरी वहिनीचं नाव काढायचं नाही, एका घराचं झालं ते पुरे झालं. मी मामाच्या हातात हात ठेवून बसून राहिले. मामी कॉफी घेऊन आली, मला जवळ घेतलं, किती वाळलीस म्हणाली. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं. ती शेवटपर्यंत अजाण राहिली. आत्ता आत्तापर्यंत ती होती, हूटगळ्ळीच्या माझ्या नव्या घरी रघूबरोबर एकदा आली होती, आणि माझा हात धरून म्हणाली, "तुला सून करून घ्यायचं फार होतं गं मनात. पण तुझे अप्पा फार ताठ." मी तिला पाणी दिलं. रघू बाहेर जाऊन झाडं बघत राहिला.

रघूचं लग्न बेंगळूरच्या मुलीशी झालं. आम्हाला रीतसर अक्षता आल्या, आम्ही तिघंही गेलो. अम्माने आहेर केला, मामाने तो मान तुकवून घेतला. मीही पुढे माझ्याच बरोबरच्या एका डॉक्टरशी लग्न केलं. संसार चांगला झाला, मुलं चांगली निघाली. माझं आयुष्य वाया गेलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. मला वाईट वाटतं ते अम्माचं. तिचे रविवार गेले. ती अवरेकाळूची उसळ करायची थांबली नाही, पण ती केली की आम्हाला वाढून स्वतः लोणच्याशी भात खायची.

माझी इंटर्नशिप चालू असताना मामा दुकानातच गेला, छातीत कळ येऊन. बातमी अम्माला शेजाऱ्यांकडून कळली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अप्पांनी सांगितलं ते असं. घर माणसांनी भरलं होतं. पुढे मामी, तिच्या बहिणी, रघूची बायको. अम्मा मागे शेजारच्या बायकांत जाऊन बसली. तिला पुढे या असं कुणी म्हटलं नाही, आणि ती आपण होऊन पुढे गेली नाही. उचलताना मात्र ती उठली, गर्दीतून वाट काढत दारापर्यंत गेली, आणि तिच्या तोंडातून इतका मोठा आवाज निघाला की उचलणारे थांबले. "माझा अण्णा तसा नव्हता," ती म्हणाली. "माझा अण्णा तसा नव्हता." बाकीच्यांना वाटलं, दुःखाने भ्रमली आहे. कुणी तरी तिला धरून बाजूला घेतलं.

मला मंड्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली आणि पगारातून हप्ते जायला लागले. शेवटचा हप्ता भरायचा त्या दिवशी अप्पा म्हणाले, मीही येतो. त्यांनी स्वतःच्या हाताने सदऱ्याला इस्त्री केली. बँकेत आता दुसरे मॅनेजर होते, त्यांना आम्ही ठाऊक नव्हतो. त्यांनी कर्ज फिटल्याचा कागद दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर आल्यावर अप्पांनी तो कागद उन्हात धरून नीट वाचला. घरापर्यंत ते झपझप चालले, मला त्यांच्याबरोबर चालणं जड जात होतं.

अम्मा सारूला फोडणी देत होती. अप्पा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"संपलं, सरसू," ते म्हणाले. "आता आपण कुणाचं काही लागत नाही."

अम्माने फोडणी सारूवर ओतली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"हो," ती म्हणाली. "आता आपण कुणाचे कुणी लागत नाही."

अप्पांनी स्वतःच पाट मांडले. अम्माने वाढलं, आणि आम्ही तिघं जेवायला बसलो.